सुरुंगवाल्याचे प्रमाणपत्र

दिल्लीच्या दक्षिणेस अरवली पर्वताच्या शेवटच्या रांगा हळूहळू सपाटीस मिळतात. टेकड्या बुटक्या आहेत, पण त्यांचा दगड क्वार्ट्झाइटचा, म्हणजे अतिशय कठीण व सिलिकायुक्त आहे. राजधानी वाढू लागली तशी तिच्या रस्त्यांना खडी आणि इमारतींना दगड याच टेकड्यांनी पुरवला. हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यात त्यासाठी ठिकठिकाणी दगडखाणी उघडल्या गेल्या व खडी फोडणारी यंत्रे बसली.

दगड फोडणे हे पाहणाऱ्यास केवळ बळाचे काम वाटते. वस्तुतः त्यातील अवघड भाग हिशेबाचा आहे. प्रथम कातळात भोक पाडावयाचे. त्यात स्फोटकाची कांडी व तिला जोडलेला डिटोनेटर सरकवावयाचा. मग तोंड ओलसर मातीने ठासून बंद करावयाचे. ठासणी सैल राहिली, तर स्फोटातून निर्माण झालेला वायू वरच्या वर निसटतो. कातळ जागचा हलत नाही, मात्र तोंडाजवळचे तुकडे बंदुकीच्या गोळीप्रमाणे दूरवर उडतात. ठासण्यासाठी लाकडी दांडाच वापरावा लागतो. लोखंडी पहारेचा एक आघात वा एक ठिणगी स्फोट घडवून आणण्यास पुरेशी असते. बत्ती दिल्यानंतर प्रत्येक बार मोजावयाचा. दहा भोके भरली आणि नऊच आवाज ऐकू आले, तर एक सुरुंग अद्याप कातळात जिवंत आहे असे समजावयाचे. वात ओलसर असल्यास ती आतल्या आत धुमसत राहते आणि बऱ्याच वेळाने डिटोनेटरपर्यंत पोहोचते. म्हणूनच १९६१ च्या धातुखाण विनियमांनी वातीचा सुरुंग न उडाल्यास तीस मिनिटे त्या जागेकडे कोणी फिरकू नये, असे बजावले. (नावात धातू असला, तरी दगडखाणींनाही हेच विनियम लागू केलेले होते.) न उडालेला सुरुंग कोरून काढण्यास सक्त मनाई. त्याच्या शेजारी, ठरावीक अंतर राखून, समांतर नवे भोक पाडावयाचे व ते उडवून जुन्याचा निकाल लावावयाचा.

हे सारे ज्याला ठाऊक आहे आणि घाईच्या वेळीही आठवते, त्याच्याच हाती स्फोटके द्यावीत, हा खाणकायद्याचा मूळ विचार होय. भारतात खाणींची पाहणी करणारे सरकारी कार्यालय ७ जानेवारी १९०२ रोजी कलकत्त्यात स्थापन झाले व १९०८ मध्ये ते धनबादला गेले. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५२ चा खाण अधिनियम केला. त्याखालील विनियमांनी व्यवस्थापक, फोरमन, मेट आणि सुरुंग उडवणारा ब्लास्टर अशा प्रत्येक पायरीसाठी परीक्षा व प्रमाणपत्रे ठरवून दिली. १९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी खाणीत नव्याने येणाऱ्या साध्या मजुरालाही कामापूर्वी शिक्षण मिळाले पाहिजे असे ठरवले. कागदावर व्यवस्था चोख होती.

संसद भवनापासून काही कोसांवर ती कशी चालत होती, हे १९८२ मध्ये उघडकीस आले. बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने फरिदाबादच्या खाणी पाहिल्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांना एक पत्र पाठवले. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश व राजस्थान येथून आलेले मजूर तेथे असह्य परिस्थितीत राबत असून त्यांतील अनेक वेठबिगार आहेत, असे त्यात म्हटले होते. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. प्रथम दोन वकिलांना प्रत्यक्ष पाहणीस पाठवले आणि नंतर भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. पटवर्धन यांच्याकडे सविस्तर सामाजिक-कायदेशीर चौकशी सोपवली.

मजुरी ट्रकमागे मिळत असे, आणि स्फोटकांचा व भोके पाडण्याचा खर्च मजुराच्याच पदरी पडत असे. या व्यवहाराचा सुरक्षिततेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. ज्याला दारूची किंमत स्वतःच्या भाकरीतून द्यावी लागते, तो न उडालेली कांडी वाया जाऊ देण्यास कचरतो; आणि ज्याची मजुरी ट्रक भरण्यावर अवलंबून आहे, त्याला ती तीस मिनिटे फार लांब वाटतात. अशा माणसास केवळ नियम पाठ करून घेतल्याने भागत नाही.

न्यायमूर्ती भगवती, पाठक व सेन यांच्या पीठाने १६ डिसेंबर १९८३ रोजी निर्णय दिला. दगडखाणी या कायद्याच्या अर्थाने खाणीच आहेत, हे त्यात स्पष्ट झाले. उथळ व लहान खाणींना अधिनियमात काही सवलत होती, परंतु खोली सहा मीटरपेक्षा अधिक झाली किंवा स्फोटके वापरली की ती संपत असे. पुढे निर्देशांची लांब यादी आहे. खडीयंत्रावर पाण्याचा सतत फवारा ठेवावा अथवा धूळ शोषणारे यंत्र बसवावे, असे त्यात आहे. क्वार्ट्झाइटची बारीक धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो, म्हणून त्याचे महत्त्व. आणि एक निर्देश खास सुरुंगवाल्यासाठी आहे: स्फोटकांचे काम करणारा प्रत्येक कामगार १९६६ च्या नियमांप्रमाणे प्रशिक्षित असावा, इतकेच नव्हे तर त्याच्याकडे प्रथमोपचाराची पात्रता असावी व कामावर असताना प्रथमोपचाराचे साहित्य त्याने जवळ बाळगावे. अपघात घडलाच, तर जखमीजवळ सर्वांत आधी पोहोचणारा बहुधा तोच असतो.

निर्देश देऊन काम संपले नाही. १९९१ मध्ये हेच प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे आले, तेव्हा सुधारणा अपुरी असल्याचे दिसून आले.

दरम्यान प्रमाणपत्रांची आणखी एक शाखा दिल्लीत वाढली. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला. त्यात प्रत्येक व्यवसायासाठी कामगारास काय ठाऊक असावे व काय करता यावे, याचे मानक पायरीनुसार लिहिले जाते. खाणधंद्यासाठी असे मानक तयार करणारी स्वतंत्र कौशल्य परिषद आहे, आणि अशा प्रमाणन संस्थांवर देखरेख ठेवण्यासाठी २०१८ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद अधिसूचित झाली. मात्र कौशल्याचा दाखला आणि कायद्याने आवश्यक ठरवलेले प्रमाणपत्र या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिल्याने नोकरी मिळण्यास मदत होते. सुरुंगाला बत्ती देण्याचा अधिकार केवळ दुसऱ्याने मिळतो, व तो खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या कक्षेतला आहे. उत्तर भारतातील खाणींसाठी या महानिदेशालयाचे कार्यालय दिल्लीलगत गाझियाबादला आहे. १९५२ चा अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

फरिदाबादच्या खाणी मात्र वेगळ्याच कारणाने थांबल्या. अरवलीची वने व भूजल यांची हानी पाहून सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २००९ रोजी फरिदाबाद, गुडगाव व मेवात येथील अरवली भागातले खाणकाम स्थगित केले. खोल गेलेल्या काही खाणींत आता पाणी साठून निळसर तळी झाली आहेत.