इंजिन ठोकते तेव्हा

जुनी गाडी घेऊन शाळेची मुले ने-आण करणारे, भाड्याने फिरणारे कितीतरी तरुण नागपुरात आपल्या वस्त्या-वस्त्यांतून आहेत. कर्जाच्या त्या गाडीवर घराची चूल पेटते. इंजिन बसले की कमाई थांबते, हप्ता थांबत नाही. म्हणून वाचकांशी इंजिनच्या आवाजाबद्दल थोडे बोलावे असे आम्हास वाटले.

सगळे आवाज सारखे नसतात. चढावर जोर देताना खडे वाजल्यासारखी टिणटिण येते, ती पेट्रोल अवेळी पेटल्याची. चुकलेला टायमिंग, साचलेला कार्बन किंवा तापलेले इंजिन ही तिची नेहमीची कारणे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ती वाढते. गिअर उतरवला की बहुधा थांबते. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची. मात्र खालून, चेंबरच्या बाजूने जड ठकठक येत असेल तर ते बेअरिंगचे दुखणे समजावे. जाणता मिस्त्री एकेका सिलिंडरचा स्पार्क तोडून पाहतो. ज्याचा तोडल्यावर ठोका मंदावतो, त्याच रॉडचे बेअरिंग गेलेले असते. ओम्नीसारख्या गाडीला तर तीनच सिलिंडर.

आता ऑईलचा लाल दिवा. चालत्या गाडीत तो लागला तर घर दोन किलोमीटरवर आहे असे म्हणत गाडी हाकू नये. बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करावे, थोड्या वेळाने कांडी काढून ऑईल पाहावे. ऑईल बरोबर असेल तर मिस्त्रीने सेंडर काढून तिथे गेज लावावे. गेजवर दाब ठीक निघाला तर दोष सेंडरचा किंवा वायरचा, म्हणजे काम थोडक्यात भागले. गरम इंजिनला आयडलवर दाब पडतो आणि रेस दिल्यावर चढतो, तेव्हा ऑईल पातळ झालेले असते किंवा बेअरिंग झिजलेले. चेंबरमधील जाळी चोंदली किंवा पंप थकला तरी दाब पडतो. दाब फार जास्त असणेही चांगले नव्हे. रिलीफ व्हॉल्व्ह अडकला किंवा भलतेच जाड ऑईल भरले की तसे होते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा, दुसऱ्या गाडीचा लावू नये.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा सलग पल्ला जुन्या इंजिनाने भर वेगात ओढला तर ऑईल तापून पातळ होते. ज्याचा दाब शहरात जेमतेम टिकतो, त्याला तिकडे नेणे आम्हास धोक्याचे वाटते.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी विशेष जपावे. झिजलेल्या इंजिनात जाड ऑईल ओतून ठोका दाबणारे विक्रेते असतात. काही तर दिव्याची वायरच काढून ठेवतात. चावी फिरवून इंजिन सुरू करण्याआधी लाल दिवा लागलाच पाहिजे, सुरू झाल्यावर विझला पाहिजे. गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावर पुन्हा ऐकावे. बॉनेटला हात लावून पाहावा. आपण पोचण्याआधीच ते गरम असेल तर कशासाठी तापवले, हे विक्रेत्याला सरळ विचारावे.