संगणक यंत्रसामग्रीची विश्वासार्हता : नाममुद्रेपलीकडील निकष

प्रस्तावना :
महाविद्यालयातील प्रयोगशाळेसाठी संगणक खरेदी करताना दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि बहुधा न्यूनतम दराची निवड होते. कंपनीचे नाव परिचित असले की गुणवत्तेचा प्रश्न सुटला, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची मर्यादा स्पष्ट करून भोकरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी उपयुक्त ठरतील असे निकष मांडले आहेत.

नाममुद्रा आणि घटक :
संगणकावर नाव एका कंपनीचे असले तरी त्यातील अनेक घटक इतर उत्पादकांचे असतात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० व जीएक्स२८० या मॉडेलांच्या मदरबोर्डवरील सदोष कपॅसिटर फुगून निकामी होऊ लागले, तेव्हा २००५ मध्ये डेलला दुरुस्तीपोटी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्या काळात इतर नामांकित कंपन्यांच्या यंत्रांतही हाच दोष आढळला. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या केंद्रांतील हार्ड डिस्कच्या बिघाडांची आकडेवारी २०१३ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. तीत सीगेटच्या ३ टेराबाइटच्या एका मॉडेलचे बिघाडाचे प्रमाण त्याच कंपनीच्या ४ टेराबाइटच्या मॉडेलपेक्षा कितीतरी अधिक आढळले. तात्पर्य, तुलना नावांची नव्हे, मॉडेलांची व्हावयास हवी.

स्थानिक परिस्थिती :
नांदेड जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते. द्रव विद्युत-अपघटनी कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढल्यास सुमारे निम्मे होते, हा स्थूल नियम आहे. १०५ अंशांवर २,००० तासांची क्षमता असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकावा. ८५ अंशांवर तेवढीच क्षमता असलेला मात्र ८,००० तासच. वर्षाला २,००० तासांचा वापर धरल्यास हा फरक १६ आणि ४ वर्षांचा होतो. एसएमपीएसमधील कपॅसिटरच्या आवरणावर तापमानाचा आकडा छापलेला असतो, दरपत्रकात तो क्वचितच दिसतो. सदोष अर्थिंग, विद्युतदाबातील चढउतार आणि पंख्यात साचणारी धूळ चांगल्या यंत्रालाही अकाली निकामी करतात.

परीक्षणाचे निकष :
१) दरपत्रकात मदरबोर्ड, हार्ड डिस्क व एसएमपीएस यांचे उत्पादक आणि मॉडेल क्रमांक नमूद करवून घ्यावेत आणि पुरवठ्याच्या वेळी ते ताडून पाहावेत.
२) २०१२ च्या केंद्रीय आदेशान्वये अनिवार्य झालेली भारतीय मानक ब्युरोची नोंदणी पाहावी; परंतु ती सुरक्षिततेची ग्वाही आहे, टिकाऊपणाची नव्हे.
३) हमीचा कालावधी किती यासोबतच दुरुस्ती महाविद्यालयात येऊन होणार की यंत्र नांदेडला न्यावे लागणार, हे लेखी घ्यावे.
४) खरेदीपूर्वी प्रयोगशाळेतील अर्थिंगची तपासणी करून घ्यावी.

समारोप :
प्रत्येक महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत खरेदीची तारीख व किंमत असते. यंत्र केव्हा, कोणत्या घटकामुळे बंद पडले याची नोंद सहसा नसते. तेवढा एक रकाना वाढविल्यास पाच वर्षांत स्वतःच्या हवेत, स्वतःच्या विजेवर तपासलेला पुरावा हाती येईल. परिसरातील महाविद्यालयांनी अशा नोंदींची देवाणघेवाण केल्यास तो अधिक भक्कम होईल. प्रात्यक्षिकाच्या तासाला एका संगणकासमोर चार विद्यार्थी बसतात, तेव्हा स्वस्त खरेदीची खरी किंमत तेच मोजत असतात. म्हणून खरेदी समितीने दराच्या तक्त्याशेजारी बिघाडांचा तक्ताही ठेवणे अगत्याचे आहे.