कपाळावरचा साक्षीदार

शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग असलेला मेंदू शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा एकटाच वापरतो आणि गाठीशी शिल्लक अशी जवळजवळ काहीच ठेवीत नाही. म्हणूनच हृदय बंद पडताच काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमच्या हानीस आरंभ होतो. 1960 साली जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, जूड व निकरबॉकर या त्रयीने, छाती न उघडता केवळ तळहातांच्या दाबाने रक्त फिरते ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि ती जगभर रूढ झाली. परंतु ते रक्त मेंदूपर्यंत पोचते की नाही, याची खातरजमा करण्याचे साधन दाबणाऱ्यापाशी नव्हते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नाडीच्या ठोक्यावर चालतो, आणि येथे तर नाडीच हरपलेली असते.

ही उणीव ज्या तत्त्वाने भरून निघाली, ते अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स यॉब्सिस यांनी 1977 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. तांबड्या प्रकाशापलीकडील, सुमारे 700 ते 900 नॅनोमीटर लांबीच्या लहरी त्वचा व हाड भेदून आत शिरतात, आणि प्राणवायूने युक्त व प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन त्या निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते, एवढ्या आधारावर मेंदूतील प्राणवायू मोजणारे यंत्र उभे आहे. केसांच्या रेषेखाली कपाळावर चिकटवावयाच्या पट्टीत एक प्रकाशस्रोत आणि त्यापासून काही सेंटिमीटरांवर दोन ग्राहक असतात. जवळचा ग्राहक मुख्यतः त्वचेची व कवटीची वार्ता आणतो, दूरचा त्याखालच्या मेंदूचीही, आणि दुसरीतून पहिलीची वजावट करून पडद्यावर टक्केवारी उमटते. त्या ठिकाणचे रक्त बहुतांशी नीलांमधील असल्यामुळे मेंदूची गरज भागल्यावर किती प्राणवायू उरला, याचाच तो दाखला असतो. निरोगी माणसात तो साधारणतः 60 ते 80 टक्के भरतो.

मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देणारा माणूस दोन मिनिटांतच थकू लागतो आणि दाब नकळत उथळ होतो; अशा वेळी उतरू लागलेला आकडा ‘माणूस बदला’ म्हणून बजावू शकतो. अमेरिका व ब्रिटनमधील रुग्णालयांत सॅम पार्निया व सहकाऱ्यांनी 183 रुग्णांवर केलेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचे हृदय पुन्हा सुरू झाले त्यांची सरासरी सुमारे 52 टक्के, तर इतरांची सुमारे 41 टक्के आढळली.

तथापि या साक्षीसही मर्यादा आहेत. यंत्र पाहते ते केवळ कपाळामागील मेंदूचा भाग. टाळूचे रक्त त्यात मिसळते, त्वचेच्या वर्णाचा परिणाम होतो, आणि दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. म्हणून एका आकड्यावर विसंबून प्रयत्न सोडून देणे म्हणजे पुराव्याआधीच फैसला देणे होय. प्रस्तुत लेखकाच्या मते, आकडा खाली असेल तर पहिला जाब रुग्णाच्या भवितव्यास नव्हे, छातीवरील हातांस विचारावा: दाब पुरेसा खोल आहे काय, मध्ये खंड पडतो काय, छाती प्रत्येक वेळी पूर्ण वर येते काय?