भट्टीविना बटणे

कुंभाराची भट्टी नसली, तरी कुर्त्याची बटणे घरच्या ओव्हनमध्ये भाजता येतात. त्यासाठी लागते पॉलिमर क्ले. ती खरी माती नव्हे; पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारे द्रव्य यांचे ते मिश्रण.

तिच्या ‘स्कल्पी’ या ब्रँडला १३० अंश सेल्सिअस तापमान लागते, दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटे, ‘फिमो’ या ब्रँडला ११० अंशांवर ३० मिनिटे. भोके आधीच जाड सुईने आरपार पाडून कडा बोटाने गुळगुळीत कराव्यात, नाहीतर दोरा काचतो. भाजताना तापमान याहून वाढू देऊ नये; करपलेल्या क्लेमधून घातक वाफा निघतात.

कॉर्नफ्लोअर आणि पांढरा गोंद समप्रमाणात घेऊन केलेले कोल्ड पोर्सिलेन हवेतच वाळते, पण पाण्यात मऊ पडते. त्याची फुलेपाने राखीला, तोरणाला लावावीत. धुवायच्या कपड्यांना नकोत.