बसलेला आवाज आणि स्वरोपचार

आवाज बसला की आपण ज्येष्ठमध चघळतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. सर्दीने बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत मोकळा होतो. चार आठवड्यांनंतरही घोगरेपणा टिकला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घेणे अगत्याचे आहे. तंबाखूचे व्यसन, गिळताना त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ किंवा श्वासाला अडथळा असेल, तर तेवढेही थांबू नये. वार्धक्यात स्वरतंतू बारीक झाल्यानेही आवाज क्षीण होतो. म्हणून आधी निदान, मग उपचार.

बोलताना स्वरतंतू पुरुषांमध्ये सेकंदाला सुमारे १०० ते १२५ वेळा, तर स्त्रियांमध्ये सुमारे २०० वेळा एकमेकांना भिडतात. सतत ताणून बोलल्यास, तळहाताला घट्टे पडावेत तशा, दोन्ही तंतूंवर समोरासमोर लहान गाठी येतात. त्यांना ‘नोड्यूल्स’ म्हणतात. त्या कर्करोगाच्या नसतात.

गाठ म्हटली की शस्त्रक्रिया, ही समजूत येथे खरी नाही. नोड्यूल्सवर पहिला उपाय स्वरोपचार, अर्थात ‘व्हॉइस थेरपी’ हाच होय. आघात थांबला की गाठ मऊ पडते, लहान होते आणि पुष्कळदा जिरते. वाचा-उपचारतज्ज्ञ श्वासाच्या आधाराने, मान व खांदे सैल ठेवून सहज बोलण्यास शिकवतात. पेल्यातील पाण्यात नळी धरून तीतून ‘ऊ’ असा स्वर काढणे, हा त्यांतलाच एक सोपा सराव. याला काही आठवड्यांची चिकाटी लागते. बहुधा एकाच तंतूवर येणारा ‘पॉलिप’ मोठा असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. परंतु बोलण्याची सवय तीच राहिली, तर त्रास पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही स्वरोपचार हवाच.

घरी वारंवार खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे; त्यानेही अनेकांच्या स्वरयंत्रावर ताण येतो.

वडीलधाऱ्यांना कमी ऐकू येते, तेव्हा त्यांची शुश्रूषा करणारी व्यक्ती दिवसभर मोठ्याने बोलत राहते. अशा घरात स्वरोपचाराची सुरुवात वडीलधाऱ्यांच्या कानांच्या तपासणीपासून करावी. दूरदर्शन संच बंद करावा, समोर बसून सावकाश बोलावे, आवश्यक तर श्रवणयंत्र घ्यावे. एकाच्या कानाला मिळालेली ही मदत दुसऱ्याच्या गळ्याला विसावा देते.