डिस्चार्ज कार्डाला वाचा फुटते तेव्हा

दुपारची वेळ. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात सुट्टी झालेल्या रुग्णांची आवराआवर चाललेली असते. खामगावचे चित्रही वेगळे नसते. घाटाखालच्या गावांतून आलेल्या नातेवाइकांना एस.टी. गाठायची असते, सिस्टरना पुढच्या रुग्णासाठी खाट तयार करायची असते आणि या घाईत एक कागद रुग्णाच्या हाती पडतो. तो म्हणजे डिस्चार्ज कार्ड. आजाराचे नाव इंग्रजीत, औषधांची नावे इंग्रजीत, मात्रा आकड्यांत आणि वेळा ‘ओडी’, ‘बीडी’, ‘एचएस’ अशा आद्याक्षरांत. समजा, रुग्ण सत्तरीतली आजी आहे, मुलगा कामानिमित्त पुण्याला आहे आणि घरात वाचणारी फक्त सातवीतली नात आहे. मग या कागदाचा अर्थ कुणी लावायचा?

यावर आता एक उत्तर पुढे येते आहे. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढायचा. संगणक त्यातली औषधे, मात्रा, वेळा आणि फेरतपासणीची तारीख वेगळी काढतो, सोप्या मराठीत वाक्ये तयार करतो, ती आवाजात बदलतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. आजीने फक्त ऐकायचे. विशेष म्हणजे, ही साखळी जोडायला प्रोग्रामर लागतोच असे नाही. ‘नो-कोड’ म्हणजे कोड न लिहिता वापरायच्या साधनांत प्रत्येक कामाचा एक चौकोन पडद्यावर ठेवायचा आणि चौकोन एकमेकांना रेषांनी जोडायचे. थोडा सराव असलेला औषधनिर्माता किंवा डेटा एंट्री ऑपरेटरही ते करू शकतो.

कापसाच्या गावाला ही रचना समजायला अवघड नाही. जिनिंगमध्ये कापूस एका टोकाने आत जातो, सरकी वेगळी होते, रुई पुढे जाते आणि प्रेसमध्ये गाठ बांधली जाते. प्रत्येक यंत्राचे काम एकच. इथेही तसेच. पहिला चौकोन फोटो घेतो, दुसरा अक्षरे ओळखतो, तिसरा हवी ती माहिती निवडून तक्त्यात भरतो, चौथा वाक्ये करतो आणि पाचवा बोलतो. पण ओला किंवा कचऱ्याचा कापूस वेळीच बाजूला काढला नाही, तर पुढची यंत्रे त्याचीही गाठ बांधून मोकळी होतात. या साखळीतला खरा प्रश्न नेमका हाच आहे.

जुनी कल्पना, नवा धोका

कागद वाचून बोलणारे यंत्र तसे नवे नाही. अमेरिकेतील रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये अंध व्यक्तींसाठी असे यंत्र जगापुढे आणले. छापील पान स्कॅन करायचे, अक्षरे ओळखायची आणि कृत्रिम आवाजात वाचून दाखवायचे, या तिन्ही पायऱ्या त्यात होत्या. आज तेच काम साधा मोबाइल करतो. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. मद्रास आयआयटीतील ‘एआय फॉर भारत’ हा गटही मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या आवाजावर आणि भाषांतरावर काम करतो. त्यामुळे मराठी बोलणारा संगणक आता दुर्मीळ राहिलेला नाही.

अडचण आहे ती अचूकतेची. अक्षरे ओळखणारी जुनी प्रणाली चुकली की तिची चूक डोळ्यांना दिसायची, कारण शब्दाच्या जागी अक्षरांचा अर्थहीन खिचडा उमटायचा. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे वेगळे आहे. अस्पष्ट अक्षरांपुढे ती अडत नाही, संदर्भावरून अंदाज बांधते आणि ती जागा नीटनेटक्या, खऱ्या वाटणाऱ्या शब्दाने भरते. औषधाचे नाव खरेच अस्तित्वात असलेले असते. फक्त ते या रुग्णाचे नसते.

आकड्यांचे त्याहून कठीण. इन्सुलिनच्या दहा युनिटसाठी डॉक्टर दहाच्या पुढे रोमन ‘यू’ लिहितात. घाईत लिहिलेला ‘यू’ वरून मिटला, की तो शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. नुसते ‘.५’ लिहिले आणि टिंब फोटोत उमटले नाही, की अर्ध्याचे पाच होतात. ‘१.०’ मधले टिंब हरवले, तर एकाचे दहा. ही भीती काल्पनिक नाही. माणसेही अशाच चुका करतात, म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने २००४ मध्ये अशा खुणा टाळण्याची यादीच काढली. संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ‘आठवड्यातून’ हा एक शब्द गळला आणि गोळी रोज घेतली गेली, तर तोंडात फोड येणे, रक्तपेशी घटणे इथपासून मृत्यूपर्यंत मजल जाऊ शकते.

मराठी कानाची परीक्षा

अक्षरे बरोबर वाचली, तरी बोलण्याची पायरी उरतेच. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे मेडिकलवाल्याला सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र ते शिकवावे लागते, नाहीतर ते ‘एकशे एक’ किंवा ‘एक वजा शून्य वजा एक’ असे म्हणून मोकळे होईल. ‘१/२’ ही अर्धी गोळी, की फेब्रुवारीची पहिली तारीख? ‘१.५’ला आपल्याकडे ‘दीड’ म्हणतात. ‘एक पॉइंट पाच’ ऐकल्यावर आजीच्या लक्षात एक आणि पाच एवढेच राहील.

उच्चारांचेही तसेच. हिंदीच्या वळणाने बोलणारा आवाज ‘गोळी’ची ‘गोली’ आणि ‘सकाळी’चे ‘सकाली’ करतो. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले ‘च’ वेगळे आहेत, हे त्याला कळत नाही. ऐकणाऱ्याला ते परके वाटते आणि परक्या आवाजातली सूचना मनात ठसत नाही. उलट आवाज गोड, स्पष्ट आणि ठाम असेल, तर धोका वेगळाच. कागदावरचे गिचमिड अक्षर पाहून निदान शंका तरी येते आणि माणूस मेडिकलमध्ये विचारायला जातो. ठाम आवाजात सांगितलेल्या चुकीच्या मात्रेवर शंका कोण घेणार?

साखळीतली माणसाची जागा

म्हणजे हे तंत्र नकोच का? तसे नाही. आवाजातून आरोग्याचा संदेश पोहोचतो, हे ‘किलकारी’ या सरकारी सेवेने दाखवले आहे. गर्भवती आणि बाळंत महिलांना दर आठवड्याला फोनवर आरोग्याचा संदेश ऐकवणारी ही सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत एकूण ७२ संदेश. पण तिथला संदेश आधी रेकॉर्ड केलेला, एकदा तपासून मग असंख्य मातांना ऐकवलेला असतो. डिस्चार्ज कार्डाचे तसे नाही. इथे प्रत्येक संदेश वेगळा, म्हणून तपासणीही प्रत्येक वेळी वेगळी हवी.

ती करणेही फार कठीण नाही. अक्षर नीट लागले नाही, तर ‘वाचता आले नाही’ असे सांगण्याची मुभा यंत्राला द्यायची आणि रिकामी जागा रिकामीच ठेवायची. नेहमीच्या मर्यादेबाहेरची मात्रा दिसली की साखळी तिथेच थांबवायची. आणि सर्वांत महत्त्वाचे, वाक्ये तयार झाल्यावर पण आवाज तयार होण्याआधी एक चौकोन माणसाचा ठेवायचा. सिस्टर किंवा औषधनिर्माता मूळ कार्ड आणि यंत्राने काढलेला तक्ता शेजारी शेजारी ठेवून पाहतील, बरोबर असेल तरच पुढे जाऊ देतील. यात वेळ जाईल, पण कार्ड समजावून सांगण्यासाठी तो वेळ एरवीही द्यायलाच हवा.

कार्ड मुळात छापील असेल, तर निम्मे काम सोपे होते. औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच सांगितले आहे. ते पाळले, तर यंत्रही कमी चुकेल आणि माणूसही.

गोपनीयतेचा मुद्दा वेगळा. गावात अनेकदा एका घरात एकच फोन असतो आणि तो मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार किंवा गर्भपातानंतरच्या औषधांचा संदेश ओसरीवर मोठ्याने वाजला, तर भले करायला गेलेली सोय रुग्णाची नाचक्की करून बसेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या गाभ्याशी संमतीचे तत्त्व आहे. आवाज कोणत्या नंबरवर पाठवायचा आणि त्यात आजाराचे नाव घ्यायचे की नाही, हे रुग्णाला आधी विचारलेच पाहिजे. कार्डाचा फोटो कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथे किती दिवस राहतो, हेही साखळी जोडणाऱ्याला ठाऊक हवे.

यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर सुट्टी होताना चार गोष्टी आपल्याला करता येतात. प्रत्येक गोळी हातात घेऊन ती कशासाठी, किती आणि कधी, हे मराठीत विचारावे. ऐकलेले आपल्या शब्दांत सिस्टरना परत सांगावे, चुकले तर तिथेच कळते. गोळ्यांची पट्टी नाव आणि मुदतीची तारीख शाबूत राहील अशी ठेवावी. आणि कार्डाचा फोटो अनोळखी अ‍ॅपवर टाकून ते सांगेल तशी मात्रा बदलू नये. मोबाइलमधला आवाज कार्डापेक्षा वेगळे काही सांगत असेल, तर औषध घेण्याआधी रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये विचारावे. तेवढ्यासाठी खामगावला पुन्हा एक फेरी झाली, तरी ती वाया जात नाही.