रामकुमारांचा उजेड

चित्रकार सूझा, गायतोंडे आणि रामकुमार, तिघांचाही जन्म १९२४चा. शताब्दी आली तेव्हा सूझा गोव्याचे म्हणून आणि गायतोंडे जे. जे.चे म्हणून मराठीत आठवले गेले, आणि ते योग्यच झालं. सिमल्याचे रामकुमार मात्र माझ्या वाचनात आले ते लिलावाच्या बातम्यांत, कोटींच्या आकड्यापुरते. हे मला लागलं.

सेंट स्टीफन्समधलं अर्थशास्त्र, पॅरिसला आंद्रे लोत आणि फेर्नां लेजे यांच्याकडचं शिक्षण, मग शहरातल्या हताश माणसांची चित्रं. या काळात मी कधी रमले नाही. माझे रामकुमार सुरू होतात १९६०च्या सुमारास, हुसेन यांच्यासोबत ते बनारसला गेले तिथून. पुढे चित्रातली माणसं गेली. उरली एकमेकांवर रेललेली घरं आणि नदी.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईत चित्रकला शिकत होते. रामकुमारांच्या चित्राबद्दल आमचे एक शिक्षक म्हणायचे, याला निसर्गचित्र म्हणू नका, यात झाड कुठे आहे? अमूर्तवाले मित्र म्हणायचे, यात अजून डोंगर शिल्लक आहे. दोघांचंही निरीक्षण बरोबर होतं आणि दोघांनाही चित्र दिसत नव्हतं. गेरू, राखाडी, तिरके पट्टे, मध्येच निळ्याची फट. नाव घ्यावं असं काहीच नाही. तरी पाऊस उघडल्यानंतरची वेळ आहे, हे अंगाला कळायचं. त्या चित्रांत सूर्य नाही, सावली नाही. फिकट पट्टा गडदाला टेकतो, कडा विरतात, खालचा थर वर डोकावतो आणि उजेड रंगाच्या आतूनच येतो. तेच तेच काढतात, असंही तेव्हा बोललं जाई. घाट तेच असतील, पण प्रहर तोच कुठे होता?

२०१८मध्ये ते गेले. आज त्यांची कितीतरी चित्रं खासगी संग्रहांत बंद आहेत आणि विद्यार्थी ती मोबाइलवर बघतात. तिथे थर दिसत नाहीत, म्हणजे उजेडही दिसत नाही. उरतो फक्त रंगीत पट्ट्यांचा नमुना. ज्यांच्याकडे ही चित्रं आहेत त्यांनी ती काही महिन्यांसाठी तरी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला द्यावीत, आणि संग्रहालयानं ती मागून घ्यावीत.